पेरेरुएलाची मातीची काथुएला : रेड वाइनमधल्या एस्तोफादोने घेतलेली परीक्षा

स्पेनमध्ये ‘एस्तोफादो दे तेर्नेरा’ या नावाने ओळखला जाणारा, रेड वाइनमध्ये शिजवलेला गोमांसाचा रस्सा हा मुळात साध्या घरांतला पदार्थ आहे. मांसाचा स्वस्त आणि चिवट भाग, कांदा, गाजर, लसूण, लॉरेलची दोन पाने, धुरावलेल्या लाल मिरचीची पूड, एक बाटली वाइन आणि तीन तासांची सवड, एवढेच त्याचे भांडवल. हे सारे हाताशी असूनही माद्रिदमधल्या माझ्या स्वयंपाकघरात तो बरीच वर्षे जेमतेमच जमत होता; मांस मऊ होई, पण रस्सा एकतर पाणचट राही किंवा तळाला धरे. अखेर गेल्या नोव्हेंबरात थामोरा प्रांतातल्या पेरेरुएला या गावी जाऊन तिथल्या एका कार्यशाळेतून मी २८ सेंटिमीटर व्यासाची, झाकण असलेली मातीची काथुएला, म्हणजे रस्से शिजवायचे पसरट भांडे, ३८ युरोंना विकत घेतली. मार्चअखेरपर्यंत तिच्यात अकरा वेळा स्वयंपाक झाला आणि त्यांपैकी सात वेळा एस्तोफादोच झाला. परीक्षण भांड्याचे असले तरी ज्या पदार्थाने त्याची परीक्षा घेतली त्याला बाजूला ठेवून ते लिहिता येणार नाही. माझे मत आधीच सांगून टाकते: भांडे उत्तम आहे, मात्र विकणारे ज्या गुणासाठी त्याची स्तुती करतात त्या गुणामुळे नव्हे.

पेरेरुएला हे थामोरा शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, सायागो नावाच्या खडकाळ मुलखात वसलेले गाव. माद्रिदहून थामोरापर्यंत २०१५च्या डिसेंबरपासून वेगवान रेल्वेमार्ग झाला आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे सहज जमते. पुढचे अंतर मात्र मोटारीनेच कापावे लागते. इथली कुंभारकी पूर्वापार बायकांच्या हातची. जमिनीलगतच्या, हाताने फिरवायच्या बुटक्या चाकापाशी गुडघे टेकून त्या भांडी घडवीत. लाल माती आणि केओलिन ही पांढरी माती एकत्र मळून केलेला गारा हे इथले खरे वैशिष्ट्य, कारण या मिश्रणाची भांडी थेट आचेवर टिकतात. कास्तिया भागात कोकरू भाजण्यासाठी वापरले जाणारे घुमटाकार मातीचे भट्टे याच गावात बनतात, आणि ज्या मातीचा भट्टा होऊ शकतो तिची काथुएला चुलीवर तडकणार नाही, असा सरळ हिशेब मी केला होता. तो बहुतांशी खरा ठरला.

भांडे दिसायला अगदीच साधे आहे. जाड कडा, दोन आखूड कान, आतून मधाच्या रंगाची झिलई आणि बाहेरून तळाकडचा भाग कोराच. झाकणासह वजन माझ्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम भरले. काठोकाठ साडेतीन लिटर मावतात. प्रत्यक्षात अडीच लिटरांच्या वर गेल्यास ढवळताना सांडते. झाकण हाताने घडवलेले असल्यामुळे एका बाजूला किंचित उचललेले राहते. सुरुवातीला ही उणीव वाटली होती, पण त्या फटीतून सतत थोडी वाफ निघून जाते आणि रस्सा आपोआप आळत राहतो, हे दुसऱ्या खेपेला ध्यानात आले. हा गुण कुंभाराने योजला होता की चाकाने सहज दिला, हे विचारायचे राहून गेले.

वाइनमधल्या पदार्थासाठी मातीचे भांडे घेताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा, तो झिलईचा. जुन्या काळी मातीच्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी शिशाचा वापर होत असे, आणि आम्ल पदार्थ ते शिसे अन्नात उतरवतात. वाइन आम्लच आहे, त्यात टोमॅटोची भर पडते आणि हे सगळे तीन तास गरम राहते. म्हणजे झिलईची याहून कठोर कसोटी शोधूनही सापडायची नाही. युरोपीय संघाच्या १९८४च्या निर्देशानुसार स्वयंपाकाच्या चिनीमाती-मातीच्या भांड्यांतून लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक शिसे आणि ०.१ मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम उतरता कामा नये; त्यासाठी भांड्यात ४ टक्क्यांचे ॲसिटिक आम्ल २४ तास ठेवून चाचणी होते. विक्रेत्याकडे तसे अनुरूपतेचे प्रमाणपत्र असावे लागते. मी मागितले तेव्हा कार्यशाळेतल्या बाईंनी कपाळाला आठी न घालता फाइल काढून कागद दाखवला. जुन्या बाजारात मिळणारी आजीच्या काळातली काथुएला कितीही देखणी असली तरी ती भिंतीवर टांगावी, तिच्यात वाइन ओतू नये.

नव्या भांड्याला आधी मुरवावे लागते; स्पॅनिश लोक यासाठी ‘कुरार’ हा औषधोपचाराचाच शब्द वापरतात. काथुएला झाकणासह रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी पुसून तळाच्या कोऱ्या भागावर लसणाची पाकळी चोळायची, मग पाणी आणि थोडे व्हिनेगर भरून अगदी मंद आचेवर हळूहळू उकळी आणायची आणि तशीच निवू द्यायची. लसणाने नेमके काय साधते याचे पटणारे उत्तर मला कोणी दिले नाही. पण मी चोळला. पाण्यात बुडवताच भांड्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघू लागल्या आणि त्या जवळजवळ तासभर थांबल्या नाहीत. माती किती सच्छिद्र आहे, हे त्यावरून डोळ्यांनी पाहायला मिळते.

या बाबतीत मला आधी एकदा ठेच लागली होती, तीही सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी माद्रिदमधल्या एका भांड्यांच्या दुकानातून मी दुसऱ्या एका गावची काथुएला आणली होती. चिठ्ठीवर ‘ओव्हनसाठी योग्य’ एवढेच शब्द होते आणि दुकानदाराने मुरवण्याबद्दल अवाक्षरही काढले नाही. दुसऱ्याच वापराला, कांदा परतून भांडे चांगले तापलेले असताना मी त्यात फ्रिजमधली वाइन ओतली. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि तळाला आरपार चीर गेली. स्पेनमध्ये २०२२पासून नव्या वस्तूंना तीन वर्षांची कायदेशीर हमी असते, त्यामुळे परत घेऊन जाण्याचा मोह झाला खरा, पण चूक माझीच होती आणि ती मला ठाऊक होती. तापलेल्या मातीला थंड द्रव सोसत नाही, हे कोणीही सांगितले नसले तरी मला सुचायला हवे होते. पेरेरुएलाच्या कार्यशाळेत मात्र भांडे कागदात गुंडाळता गुंडाळता बाईंनी पाच मिनिटे हेच समजावले आणि तापलेले भांडे संगमरवरी ओट्यावर न ठेवता लाकडी पाटावर ठेवण्याची ताकीद दिली.

शेगडीचा प्रश्न अनेकांना अडवणारा आहे. इंडक्शनवर माती तापत नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी फक्त इंडक्शन आहे त्यांनी काथुएला ओव्हनमध्येच वापरायची तयारी ठेवावी. काचेच्या विद्युत शेगडीवर ती चालते, परंतु तळ पुरता सपाट नसल्यामुळे उष्णता एकाच ठिकाणी साचते. माझ्याकडे गॅस आहे आणि ज्योत व काथुएला यांच्यामध्ये मी ‘दिफुसोर’ म्हणतात ती जाड लोखंडी तबकडी ठेवते. तिच्याशिवाय केलेल्या पहिल्या एस्तोफादोत ज्योतीच्या वर्तुळाबरहुकूम गाजराच्या चकत्या करपल्या होत्या. नंतरच्या सहा खेपांत तळ एकदाही धरला नाही. तबकडीची किंमत ९ युरो होती. ती मी भांड्याच्याच किमतीत धरते, कारण तिच्याविना हे भांडे अर्धेच आहे.

आता मांसाकडे वळते, कारण भांडे कितीही चांगले असले तरी चुकीचा भाग आणला की सगळे व्यर्थ जाते. बोलण्यात सगळेच ‘तेर्नेरा’ म्हणतात, पण चिठ्ठीवरचा तेर्नेरा म्हणजे ८ ते १२ महिन्यांच्या जनावराचे मांस, आणि १२ ते २४ महिन्यांच्या जनावराचे मांस ‘आन्योखो’ या नावाने विकले जाते. एस्तोफादोला मला आन्योखो अधिक मानवला. त्याला चव जास्त आणि तीन तासांच्या आचेला तो पुरून उरतो. भाग कोणता, याचे स्पॅनिश उत्तर ‘मोर्थियो’ म्हणजे पायाची नळी. आडवा कापला की प्रत्येक तुकड्यात पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसते आणि नवख्या माणसाला ते काढून टाकावेसे वाटते. ते मुळीच काढू नये. ते तंतू कोलाजेनचे असतात. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे तासन्‌तास राहिले की त्यांचे जिलेटिन होते आणि रश्श्याला ओठ चिकटतील इतका दाटपणा तेच आणतात. मंडईतल्या खाटकाला ‘पारा गिसार’, म्हणजे रश्श्यासाठी, असे सांगितले तर तो बहुधा हेच देईल, फक्त तुकडे फार बारीक करू देऊ नयेत. चार सेंटिमीटरांचा तुकडा शिजून तीनचा होतो. दोनचा तुकडा कुठे गेला ते कळतही नाही.

एका खेपेला मी गालाचे मांस, म्हणजे ‘कारियेरा’, वापरून पाहिले. ते लोण्यासारखे झाले, इतके की माझ्या एका पाहुण्याने सुरी बाजूलाच ठेवली, पण मला ते जरा एकसुरी वाटले; मोर्थियोत तंतू, मऊपणा आणि जिलेटिन असे तीन वेगवेगळे घास लागतात. शेपटीचा रस्सा, म्हणजे कोर्दोबाचा प्रसिद्ध ‘राबो दे तोरो’, हाही याच कुळातला. त्याच्या नावात झुंजीचा बैल असला तरी आज ताटात येणारी शेपटी बहुतेक वेळा साध्या गुरांचीच असते.

वाइनच्या बाबतीत मी तीन प्रयोग केले. पहिल्या वेळी रिओखा या स्पेनमधल्या वाइनच्या मुलखातली ‘क्रियान्सा’ ओतली. रिओखाच्या नियमाप्रमाणे तिने किमान एक वर्ष ओकच्या पिंपात काढलेले असते आणि पेल्यात ती छानच लागते. परंतु आटवली की त्या लाकडाचा तुरटपणाही आटून दाट होतो आणि रश्श्याच्या शेवटी जिभेवर कोरडी कडवट झाक उरते. दुसऱ्या वेळी कागदी खोक्यातली दीड युरोची वाइन वापरली. रस्सा आंबट आणि पोकळ झाला. साखर घालून तो सावरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो आंबट आणि गोड झाला. तिसऱ्या वेळी तोरोची, लाकूड न पाहिलेली, त्याच वर्षीची तरुण वाइन सुमारे ५ युरोंना आणली आणि तिथेच शोध संपला. तोरो हेही थामोरा प्रांतातलेच गाव, नावाचा अर्थ बैल असला तरी वर सांगितलेल्या शेपटीशी त्याचा संबंध नाही. १९८७पासून त्याच्या वाइनला स्वतःचे संरक्षित नाव आहे आणि तिथली ‘तिंता दे तोरो’ ही जाड सालीची द्राक्षे रंग आणि अंग दोन्ही भरभरून देतात. एवढी अंगाची वाइन पेल्यात थोडी रांगडी वाटते, पण मांसाच्या जिलेटिनबरोबर तिचा तुरटपणा मवाळ होतो आणि फळाची चव तेवढी मागे राहते.

माझी कृती आता अशी स्थिरावली आहे. सव्वा किलो मोर्थियो कागदाने टिपून अगदी कोरडा करते, मीठ लावते आणि काथुएलात नव्हे, तर लोखंडी तव्यात, ऑलिव्हच्या तेलावर, तीन हप्त्यांत सर्व बाजूंनी गडद खरपूस करते. काथुएलात हे का करायचे नाही, ते मी दोनदा करून पाहिले आहे: मातीतून उष्णता फार सावकाश जाते, तुकडे टाकताच भांडे निवते, मांसाला पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी वाफवते. त्याच वेळी शेजारी काथुएलात दोन मोठे कांदे, दोन गाजरे आणि लीक या कांद्याच्या कुळातल्या भाजीचा पांढरा भाग मंद आचेवर ठेवते. इथे मात्र माती आपली करामत दाखवते. चाळीस मिनिटांत कांदा एकदाही न करपता जॅमसारखा होतो, आणि मी मधून फक्त तीन-चार वेळा ढवळते. मग लसणाच्या चार पाकळ्या, एक किसलेला टोमॅटो आणि तो आटल्यावर पिमेंतोन दे ला वेराचा एक चमचा. ही कासेरेस प्रांतातली मिरची ओकच्या धुरावर दहा ते पंधरा दिवस वाळवतात, त्यामुळे तिला धुराचा वास असतो, पण तापल्या तेलात अर्धे मिनिट जास्त राहिली तरी ती कडू होते. म्हणून पूड पडताच द्रव तयार हवा. तो तयार असतोच, कारण मांस निघालेल्या तव्यात ७५० मिलिलिटर वाइन ओतून, तळाला चिकटलेले सगळे खरवडून, ती निम्मी होईपर्यंत मी आधीच आटवलेली असते. ती गरमच काथुएलात जाते. यामुळे भांड्याला धक्का बसत नाही, आणि वाइनचा कच्चा वासही तव्यातच निघून जातो.

त्यानंतर मांस, त्यातून सुटलेला रस, लॉरेलची दोन पाने, दोन लवंगा आणि मांसाच्या खांद्यापर्यंत येईल एवढेच गरम पाणी. लॉरेल हे तमालपत्राच्याच कुळातले, पण त्याचा वास वेगळा, काहीसा निलगिरीकडे झुकणारा. दोनाची चार पाने केली तर रस्सा काढ्यासारखा लागतो. झाकण ठेवून आच इतकी कमी करते की पृष्ठभागावर दर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा यावा. रटरटू दिले तर तंतू आवळतात आणि मांस मऊ होण्याआधीच चरबट होते. पावणेतीन तासांनी सुरीचे टोक सहज आत जाते. मग मांस बाजूला काढून भाज्या आणि रस्सा जाळीच्या गाळणीतून पळीने दाबून गाळते. पीठ लावून रस्सा दाट करण्याची गरज सात खेपांत एकदाही पडली नाही. दारू न घेणाऱ्यांनी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे की अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अडीच तास मंद शिजवल्यावरही मूळ अल्कोहोलपैकी सुमारे ५ टक्के शिल्लक राहते. ‘सगळे उडून जाते’ हे म्हणणे खरे नाही.

हीच कृती, तेच मांस, तीच वाइन घेऊन जानेवारीत मी तीन भांड्यांत लागोपाठच्या तीन शनिवारी स्वयंपाक केला. प्रेशर कुकरमध्ये ४५ मिनिटांत मांस मऊ झाले आणि सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर मी पुढेही तेच करीन. परंतु बंद भांड्यातून वाफ जात नसल्याने रस्सा नंतर वीस मिनिटे उघड्यावर आटवावा लागला आणि तोवर मांसाच्या कडा भुगभुशीत झाल्या. मुलामा दिलेल्या जाड लोखंडी भांड्यातला रस्सा अतिशय चांगला झाला, आणि डोळे बांधून चाखायला दिला असता तो मातीतला की लोखंडातला हे माझ्या घरातल्या चौघांपैकी एकालाच बरोबर ओळखता आले, तेही बहुधा योगायोगाने. म्हणून ‘मातीची चव उतरते’ हे दुकानातले वाक्य मी मानत नाही. आत झिलई असलेल्या भांड्यातून कसली चव उतरणार, आणि उतरलीच तर ती हवी कशाला? फरक चवीत नसून आचेच्या स्वभावात आहे. लोखंडी भांड्यात गॅस किंचित वाढला की दोन मिनिटांत रस्सा उसळू लागतो. काथुएला तोच बदल दहा मिनिटांनी आणि अर्ध्यानेच जाणवू देते. मी दूरध्वनीवर बोलत राहिले, कपडे वाळत घातले, एकदा चक्क झोप लागली, तरी रस्सा आपल्याच चालीने शिजत होता. लोखंडाकडे लक्ष द्यावे लागते, आणि माझे लक्ष कमी पडते, म्हणून माझे एस्तोफादो बिघडत होते.

गॅस बंद केल्यावरही काथुएलातले बुडबुडे सहा-सात मिनिटे थांबत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवावे. मांस ‘अजून पाच मिनिटे हवीत’ अशा अवस्थेत असतानाच आच बंद करायची. टेबलावर नेल्यावर दुसरी वाढ घेईपर्यंत रस्सा वाफाळता राहतो. सोबत स्पेनमध्ये बहुधा तळलेले बटाटे देतात, काही घरांत ते चौकोनी कापून थेट रश्श्यावरच घालतात. मला ते वेगळे, कुरकुरीत आवडतात. रस्सा पुसून खायला पाव लागतोच.

आता गैरसोयी, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत. एस्तोफादो दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगला लागतो हे स्पेनमधले प्रत्येक घर सांगेल, आणि नेमके तिथेच हे भांडे अडते. भरलेली काथुएला फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गॅसवर चढवली तर ती तडकण्याची भीती, आणि रात्रभर ओट्यावर ठेवावी तर मांस बिघडण्याची. त्यातून उष्णता धरून ठेवण्याचा तिचा गुण इथे दोष ठरतो, कारण अन्न दोन तासांत निवून फ्रिजमध्ये जायला हवे आणि काथुएला ते निवू देत नाही. म्हणून रस्सा काचेच्या पसरट डब्यात काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी कोमट करून पुन्हा काथुएलात ओतायचा. म्हणजे एका पदार्थाला धुण्याची भांडी पाच. शिवाय भांडे यंत्रात धुता येत नाही, साबणाच्या पाण्यात भिजत ठेवता येत नाही, कारण कोरा तळ साबण पितो आणि पुढच्या वेळी वाफेबरोबर परत देतो. ओले ठेवून कपाट बंद केले तर बुरशी धरते. फेब्रुवारीत दहा दिवस बाहेरगावी जाऊन आल्यावर झाकणाच्या आतल्या कडेला राखाडी ठिपके दिसले होते. व्हिनेगरने घासून उन्हात ठेवल्यावर गेले. मनगट दुखणाऱ्यांनी भरल्या भांड्याचे वजन सहा किलोंच्या आसपास जाते हेही विचारात घ्यावे, कारण ते आखूड कान गरम असताना जाड कापडाशिवाय धरता येत नाहीत आणि कापडासह नीट पकडता येत नाहीत.

पाच महिन्यांत झिलईवर केसासारख्या बारीक रेषांचे जाळे उमटले आहे. गावातल्या बाईंनी ते होणार असे आधीच सांगितले होते, पाणी झिरपत नाही तोवर काळजी नको, असेही. मी दर वेळी भांडे कोरड्या कागदावर पाणी भरून तासभर ठेवून पाहते. कागद आजवर कोरडा राहिला आहे. त्या रेषांतून वाइनचा जांभळसर रंग मात्र मुरला आहे आणि तो कशानेही निघत नाही.

ज्यांच्याकडे जाड लोखंडी भांडे आधीपासून आहे आणि जे स्वयंपाक करताना शेगडीपासून हलत नाहीत, त्यांनी हे ३८ युरो मोर्थियोवर आणि तोरोच्या बाटलीवर खर्च करावेत. ज्यांच्या घरी इंडक्शन आहे त्यांनी ओव्हनमध्ये १५० अंशांवर करावे. मी एकदा तसे केले, तीन तास लागले आणि रस्सा जवळपास तसाच झाला, फक्त कांदा वेगळ्या भांड्यात परतावा लागला. मंद आचेचा स्वयंपाक आवडतो पण लक्ष टिकत नाही, अशा माझ्यासारख्यांना मात्र हे भांडे मी निःशंकपणे सुचवीन, आणि पाचपैकी चार गुण देईन. एक गुण फ्रिजच्या भानगडीसाठी कापला आहे. घेताना २८ सेंटिमीटरहून लहान घेऊ नये, कारण २४च्या भांड्यात सव्वा किलो मांस दोन थरांत बसते आणि वरचा थर रश्श्याबाहेर राहून कोरडा पडतो. दुकानातून निघण्यापूर्वी बोटाच्या पेराने कडेवर टकटक करून पाहावे: खणखणीत नाद आला तर घ्यावे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.